समलिंगी विवाह आणि ख्रिस्तसभेचे नेतृत्व : मुंबई महाधर्मप्रांताच्या भूमिकेची चिकित्सा

बीजसंज्ञा : ख्रिस्तसभा, समलिंगी विवाह, धर्मसत्ता, प्रापंचिक, विशेष विवाह कायदा, आशीर्वाद

प्रस्तावना

विवाहाला मान्यता देण्याचा अधिकार कोणाचा, हा महाराष्ट्राच्या प्रबोधनपर्वातील एक मध्यवर्ती प्रश्न होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना करून भटजीवाचून विवाह लावण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा वाद केवळ मंगलाष्टकांचा किंवा दक्षिणेचा नव्हता. दोन माणसांनी एकमेकांचा स्वीकार केला की विवाह होतो, की पुरोहिताने तो लावला म्हणजे होतो, असा तो वाद होता. समलिंगी विवाहाच्या निमित्ताने गेली काही वर्षे आपल्याकडे जी चर्चा चालू आहे, ती याच जुन्या वादाची पुढची पायरी होय. प्रस्तुत लेखात ही चर्चा ख्रिस्ती समाजाच्या, त्यातही मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांताच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. मुंबई, ठाणे व रायगड हे जिल्हे या महाधर्मप्रांताच्या कक्षेत येतात. म्हणजे पनवेल-कामोठे परिसरातील कॅथलिक कुटुंबेही त्याच छत्राखाली आहेत.

अशा विषयावर लिहिताना नेतृत्व उदार आहे की कर्मठ, एवढाच निवाडा करून थांबण्याची सवय दिसते. ती अपुरी आहे. एखादी भूमिका कोणी मांडली, कोठे मांडली आणि कोणत्या रूपात मांडली, हे आशयाइतकेच महत्त्वाचे असते. मुंबईच्या नेतृत्वाने या प्रश्नावर जे चांगले म्हटले ते बव्हंशी बोलण्यात राहिले, लिखित धोरणात उतरले नाही, आणि त्यामुळे सामान्य श्रद्धावंताच्या हाती त्यातले फार थोडे लागले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गुन्हा, पाप आणि मधली जागा

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने होणारे खाजगी समलिंगी संबंध वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी सुरेशकुमार कौशल प्रकरणात हा निर्णय फिरवला. उच्च न्यायालयाच्या निर्णयाला आव्हान देणाऱ्यांत अपोस्टॉलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल या ख्रिस्ती संस्था होत्या, तसेच अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डही होते. कलम ३७७ टिकावे यासाठी काही ख्रिस्ती मंडळ्या न्यायालयात उभ्या होत्या, ही वस्तुस्थिती नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

या पार्श्वभूमीवर मुंबईचे तत्कालीन महागुरुस्वामी कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांची भूमिका वेगळी उठून दिसते. २०१३ च्या निकालाच्या वेळी ते भारतीय कॅथलिक बिशप परिषदेचे अध्यक्ष होते आणि पोप फ्रान्सिस यांनी नेमलेल्या कार्डिनलांच्या सल्लागार मंडळाचे सदस्यही होते. निकालानंतर त्यांनी एका ख्रिस्ती वृत्तसंस्थेशी बोलताना स्पष्ट केले की, समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास ख्रिस्तसभेचा विरोध आहे, मात्र समलिंगी व्यक्तींना ख्रिस्तसभेने कधी गुन्हेगार मानलेले नाही. माणूस म्हणून त्यांची प्रतिष्ठा इतरांइतकीच आहे. देशाचे सर्वोच्च न्यायालय जे म्हणण्यास त्या दिवशी तयार नव्हते, ते एका धर्माचार्याने म्हटले, याचे श्रेय द्यायलाच हवे. समलैंगिकतेला गुन्हा ठरविणारे कायदे अन्याय्य आहेत, असे खुद्द पोप फ्रान्सिस यांनी एका वृत्तसंस्थेला दिलेल्या मुलाखतीत सांगितले ते जानेवारी २०२३ मध्ये. मुंबई त्या बाबतीत नऊ वर्षे पुढे होती.

या भूमिकेचा पाया नवा नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात समलिंगी संबंध नैतिकदृष्ट्या अग्राह्य ठरवले आहेत. तो कल वस्तुनिष्ठदृष्ट्या विस्कळीत आहे असेही १९९७ च्या सुधारित आवृत्तीत म्हटले आहे. आणि त्याच ठिकाणी अशा व्यक्तींना आदराने वागवावे, अन्याय्य भेदभाव करू नये असा आदेशही आहे. या तीन विधानांपैकी कोणते मोठ्या आवाजात म्हणायचे, हे बोलणाऱ्यावर अवलंबून राहते. ग्रेशियस यांनी २०१३ मध्ये तिसरे विधान मोठ्याने म्हटले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात कलम ३७७ चा तो भाग रद्द झाला, तेव्हा परिषदेच्या न्यायविषयक विभागाकडून जी प्रतिक्रिया आली तिचा रोख मात्र पहिल्या विधानाकडे होता : कायद्याने गुन्हा नाही म्हणून नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह ठरत नाही. परिषदेचे अध्यक्षपद तेव्हा पुन्हा ग्रेशियस यांच्याकडेच होते. दोन्ही प्रतिक्रियांत तात्त्विक विसंगती नाही हे मान्य. परंतु घरात समलिंगी मुलगा किंवा मुलगी असलेल्या आईबापांना त्या एकाच नेतृत्वाच्या दोन वेगळ्या आवाजांसारख्या ऐकू येतात, आणि कोणता आवाज आपल्या धर्मग्रामापर्यंत पोहोचेल याची त्यांना खात्री नसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ला समांतर अशी तरतूदच नाही. गुन्ह्याचा प्रश्न संमतीच्या संबंधांपुरता मिटला आहे. उरला आहे तो विवाहाचा.

न्यायालयात मागणे कोणाकडे होते?

सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या प्रकरणाची सुनावणी १८ एप्रिल २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे सुरू झाली आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाहाचा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा अर्थ लावून समलिंगी विवाह त्यात बसवता येणार नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. अशा जोडप्यांच्या सहजीवनाला मान्यता देण्याचे कर्तव्य राज्यसंस्थेवर आहे काय, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात राहिले.

येथे एका तपशिलाकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. सुनावणीच्या आरंभीच घटनापीठाने व्यक्तिगत कायद्यांना हात न लावण्याचे ठरवले होते. विशेष विवाह कायदा हा नोंदणी अधिकाऱ्यापुढे होणाऱ्या विवाहाचा कायदा आहे. त्यात कोणत्याही धर्मगुरूचा संबंध येत नाही. म्हणजे कोणत्याही चर्चने, मशिदीने वा मंदिराने समलिंगी विवाह लावावा अशी मागणी त्या न्यायालयात तपासलीच जात नव्हती. तरीही विरोध करणाऱ्यांत जमियत उलेमा-ए-हिंद सारख्या धार्मिक संघटना होत्या, आणि सरकारची बाजूही स्त्री-पुरुष विवाहाच्या पारंपरिक कल्पनेवरच उभी होती. जो विवाह धर्मसत्तेने लावायचाच नाही, त्यावर धर्मसत्तेचा आक्षेप कोणत्या नात्याने?

ख्रिस्ती विवाहाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार धर्मगुरूने लावलेला विवाह हा कायदेशीर विवाहही असतो. धर्मगुरू त्या क्षणी संस्कारही पार पाडतो आणि राज्यसंस्थेचे कामही करतो. या दुहेरी भूमिकेमुळे ‘आमच्यावर उद्या सक्ती होईल’ ही भीती धर्मगुरूंच्या मनात निर्माण होणे स्वाभाविक आहे, आणि ती थट्टेवारी नेणे योग्य नाही. परंतु भारतीय न्यायालयांनी ही सरमिसळ एका दिशेने तरी केव्हाच तोडली आहे. मॉली जोसेफ प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्दबातल ठरवला तरी दिवाणी कायद्याच्या दृष्टीने तो टिकून राहतो. क्लॅरन्स पैस यांची चर्चच्या घटस्फोटाला मान्यता मागणारी याचिका न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. (गोव्यात पोर्तुगीज काळातील विवाहविषयक हुकूमनाम्यांमुळे ही सीमारेषा वेगळी पडते, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आज असंख्य कॅथलिक स्त्री-पुरुष असे आहेत की ज्यांचा विवाह एका सत्तेच्या दृष्टीने संपलेला आहे आणि दुसरीच्या दृष्टीने चालू आहे. चर्चने या द्वैताशी जुळवून घेतले. दिवाणी विवाह वेगळा आणि संस्कार वेगळा, हे घटस्फोटाच्या बाबतीत ज्यांना पचते त्यांना ते समलिंगी विवाहाच्या बाबतीत का पचू नये, याचे उत्तर नेतृत्वाच्या वक्तव्यांत सापडत नाही.

विशेष विवाह कायद्याचा वंशवेलही या ठिकाणी आठवावा. १९५४ च्या कायद्याचा पूर्वज म्हणजे १८७२ चा तिसरा अधिनियम. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी इत्यादींपैकी कोणत्याही धर्माचे अनुयायी नाही, असे वधूवरांनी जाहीर केल्यावरच त्याखाली विवाह होत असे. पंडिता रमाबाई यांनी १८८० साली बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली शूद्र समजल्या जाणाऱ्या जातीतील वकिलाशी विवाह केला तो याच अधिनियमाखाली. ज्यांना धर्मसत्ता लग्न लावून देत नाही अशांसाठी राज्याने ठेवलेली ती वाट होती. मराठी ख्रिस्ती परंपरेतील सर्वांत मोठी स्त्री त्या वाटेने गेली, आणि तीन वर्षांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधील वाँटेज येथे तिचा बाप्तिस्मा झाला. २०२३ साली याचिकाकर्ते त्याच वाटेवर उभे राहून आत येऊ देण्याची विनंती करीत होते.

‘आशीर्वाद’ या शब्दाचे वजन

निकालानंतर दोनच महिन्यांनी, १८ डिसेंबर २०२३ रोजी, रोमहून ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ हे घोषणापत्र प्रसिद्ध झाले. समलिंगी जोडप्यांना धर्मगुरू आशीर्वाद देऊ शकतील असे त्यात म्हटले होते. त्याच कार्यालयाने मार्च २०२१ मध्ये असा आशीर्वाद देता येणार नाही असे उत्तर दिले होते. अर्थात, नव्या परवानगीला अटी अनेक. आशीर्वाद उत्स्फूर्त असावा. त्याला उपासनाविधीचे रूप नसावे. विवाहाशी साम्य दाखवणारे कपडे, हावभाव वा शब्द नसावेत. दिवाणी विवाहाच्या समारंभाला जोडून तो देऊ नये. आफ्रिकेतून विरोध उसळल्यावर ४ जानेवारी २०२४ रोजी जो खुलासा आला त्यात असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांत आटोपणारा असेल असे उदाहरण दिले आहे. आफ्रिकेतील बिशपांनी तरीही ११ जानेवारी रोजी आपल्या खंडात तो देण्यास नकार दर्शवला.

दहा-पंधरा सेकंद हा हिशेब वाचून प्रस्तुत लेखकाला खेद वाटला. पण टीका केवळ त्यावर नाही. आशीर्वाद आणि विवाह यांत रोमने जी रेषा ओढली, ती लॅटिन किंवा इटालियनमध्ये कदाचित स्वच्छ दिसत असेल. मराठीत ती पुसट होते. आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘आहेर आणू नये, आपले आशीर्वाद हाच आहेर’ असे छापतात. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेले जोडपे वर्षभराने दारात येते, म्हाताऱ्यांच्या पाया पडते, आणि म्हातारा डोक्यावर हात ठेवतो, तेव्हा तो विवाहविधी नसतो. परंतु त्या हाताने ते लग्न घराने मानले असे सारी आळी समजते. वसईच्या वाडीत आणि पनवेलच्या गावठाणातही हेच समजले जाईल. मराठी कानाला ‘आशीर्वाद आहे, मान्यता नाही’ हे वाक्य स्वतःचेच खंडन करणारे वाटते.

यातून दोन शक्यता निघतात. एक, मराठी धर्मगुरू हा आशीर्वाद देण्याचे टाळील, कारण तो दिला की लोक त्याचा अर्थ रोमपेक्षा मोठा लावतील. दुसरी, तो देईल, आणि लोक तो मोठा अर्थच खरा मानतील. दोन्ही बाबतींत घोषणापत्राचा मूळ हेतू निसटतो. स्थानिक बिशपांनी विवेक वापरावा असे रोमने सांगितले. तो विवेक स्थानिक भाषेतून सुरू व्हायला हवा होता. घोषणापत्राचा मराठी अनुवाद म्हणजे केवळ शब्दांतर नव्हे, तो एक धर्मशास्त्रीय निर्णयच आहे. ‘आशीर्वाद’ म्हणायचे, ‘आशीर्वचन’ म्हणायचे की ‘प्रार्थना’, यावर त्या जोडप्याचे गावातले स्थान ठरणार आहे.

याच काळातील एक छोटा निर्णय अधिक स्वच्छ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका उत्तरात रोमने सांगितले की, समलिंगी जोडप्याने दत्तक घेतलेल्या किंवा अन्य मार्गाने झालेल्या मुलाला बाप्तिस्मा देता येईल, मात्र ते मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा हवी. आईबापांच्या नात्याविषयीचा वाद मुलाच्या माथी मारायचा नाही, हे यात मान्य झाले.

मॉर्मन पंथाचा अनुभव

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व कळण्यासाठी अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे उदाहरण उपयुक्त ठरते. या पंथाचा विवाहविषयक इतिहास मोठा विलक्षण आहे. बहुपत्नीत्व ही एकेकाळी त्याची धार्मिक प्रथा होती. अमेरिकी सरकारच्या दडपणाखाली १८९० साली अध्यक्ष विलफर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढून नवे बहुपत्नीक विवाह थांबवण्याचे घोषित केले. पुढे १९९५ साली त्याच पंथाने कुटुंबविषयक घोषणापत्र काढून एक पुरुष व एक स्त्री यांचा विवाह हीच ईश्वरी योजना असल्याचे सांगितले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिल्यानंतर काही महिन्यांतच, पंथाच्या अधिकाऱ्यांसाठीच्या नियमपुस्तिकेत बदल झाला. समलिंगी विवाह करणारे सदस्य धर्मत्यागी ठरले, आणि अशा घरात राहणाऱ्या मुलांना अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, तेही काही अटींवर, बाप्तिस्मा मिळणार नाही असे ठरले. हा बदल सदस्यांना अधिकृत घोषणेतून नव्हे, तर बाहेर फुटलेल्या मजकुरातून कळला. अनेकांनी सदस्यत्वाचे राजीनामे दिले. जानेवारी २०१६ मध्ये रसेल नेल्सन यांनी हे धोरण ईश्वरी प्रकटीकरणातून आल्याचे सांगितले. एप्रिल २०१९ मध्ये, नेल्सन स्वतः पंथाचे अध्यक्ष असताना, ते मागे घेण्यात आले, आणि तेही प्रकटीकरणाच्या आधारानेच. साडेतीन वर्षांत ईश्वराने मत बदलले काय, हा उपहास सोपा आहे. अधिक गंभीर बाब अशी की, धोरण आणताना सदस्यांना विचारले नव्हते आणि मागे घेतानाही त्यांच्या वेदनेचा कारण म्हणून उल्लेख झाला नाही.

कॅथलिक व्यवस्था आणि मॉर्मन व्यवस्था यांत अंतर मोठे आहे. तरीही मॉर्मन पंथाकडे एक गोष्ट होती जी मुंबईकडे नाही : लिहिलेला नियम. तो क्रूर होता, पण लिहिलेला होता. म्हणूनच त्याच्याशी भांडता आले आणि तो खोडता आला. नियम कागदावर नसला की तो धर्मग्रामातील धर्मगुरूच्या स्वभावावर अवलंबून राहतो. एक धर्मगुरू समलिंगी तरुणाला गायनमंडळात ठेवून घेईल, दुसरा न बोलता दूर करील, आणि दोघेही आपण ख्रिस्तसभेची शिकवणच पाळतो असे म्हणतील. अन्याय झाला तर दाद कोणत्या वाक्याच्या आधारे मागायची?

मतभेदाला जागा

लिखित धोरण करण्याची परंपरा भारतीय कॅथलिकांत नाही, असे मुळीच नाही. बिशप परिषदेने २०१० साली स्त्रियांच्या संदर्भात लिंगभावविषयक धोरण प्रसिद्ध केले. ते कितपत अमलात आले हा निराळा प्रश्न, परंतु एखादी स्त्री त्यावर बोट ठेवू शकते. समलिंगी श्रद्धावंतांना बोट ठेवण्यासाठी मुलाखतींची कात्रणे आहेत.

१९८३ च्या कॅनन विधिसंहितेचे कलम २१२ येथे निर्णायक वाटते. ख्रिस्तसभेच्या हिताविषयीचे आपले मत धर्माधिकाऱ्यांपुढे आणि इतर श्रद्धावंतांपुढे मांडणे हा प्रापंचिकांचा हक्क आहे, आणि प्रसंगी कर्तव्यही आहे, असे ते कलम सांगते. मात्र हे मत मांडायचे कोठे? त्याच संहितेतील धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळाला केवळ सल्ल्याचा अधिकार आहे. २०२१ ते २०२४ या काळात चाललेल्या जागतिक सिनॉड प्रक्रियेने ही उणीव भरून काढण्याची आशा निर्माण केली होती. तिच्या पूर्वतयारीच्या दस्तऐवजात समलिंगी व लिंगभिन्न व्यक्तींचा त्यांच्या प्रचलित नावाने उल्लेख होता. ऑक्टोबर २०२३ च्या अधिवेशनानंतरच्या अहवालातून ते नाव गळाले. नावच गाळल्यावर त्या माणसांविषयीचे मत नोंदवायचे तरी कोणत्या मथळ्याखाली?

प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे चित्र उलट बाजूने उद्बोधक आहे. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेने लैंगिक विविधतेच्या प्रश्नासाठी स्वतंत्र व्यासपीठ उभे केले आणि २०१८ च्या निकालाबाबत स्वागतपर भूमिका घेतली. तिच्या सदस्य मंडळ्यांत चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आहे, जिची स्थापनाच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली आणि जिच्या सिनॉडमध्ये प्रापंचिक प्रतिनिधी मतदान करतात. येथे मताला जागा आहे, दस्तऐवजही आहेत. परंतु परिषदेचा शब्द सदस्य मंडळ्यांवर बंधनकारक नाही. तेव्हा केवळ मतपेटी ठेवली की प्रश्न सुटतो असे म्हणता येणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

मराठी ख्रिस्ती समाजात नेतृत्वाशी मतभेद झाला की तो दोन रूपे घेत आला आहे. पहिले रूप खाजगी पत्रांचे. पंडिता रमाबाईंनी चेल्टनहॅम येथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय यावर लाहोर व मुंबईच्या बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जो पत्रव्यवहार केला त्यात सद्सद्विवेकबुद्धीवरील आपला हक्क सोडण्यास ठाम नकार दिला. ती पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केली. म्हणजे वादानंतर नव्वद वर्षांनी. दुसरे रूप बाहेर पडण्याचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ उभा केला. दोघांचेही धैर्य असामान्य होते, आणि दोघांनाही त्या काळच्या संस्थेत राहून, तिच्या दप्तरात नोंद होईल असा मतभेद करता आला नाही. रमाबाई आणि टिळक यांच्याइतकी प्रतिभा नसलेल्या माणसाने काय करावे? बी.कॉम. झालेल्या, नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या, दर रविवारी मिस्साला जाणाऱ्या समलिंगी तरुणाला पत्रसंग्रह नको आहे आणि नवा पंथही नको आहे. त्याला त्याच चर्चमध्ये, त्याच बाकावर बसायचे आहे.

नेतृत्वाच्या बाजूने येथे एक गंभीर आक्षेप येऊ शकतो : संस्कार हा बहुमताने ठरवायचा विषय नव्हे. हा आक्षेप मान्य करूनही बरेच काही उरते. लॅटिन परंपरेच्या शिकवणीप्रमाणे विवाहसंस्काराचे दाते वधूवर स्वतःच असतात. धर्मगुरू हा ख्रिस्तसभेच्या वतीने उभा असलेला साक्षीदार असतो. संस्काराची व्याख्या न बदलताही लिहिता येतील अशा गोष्टी अनेक आहेत : समलिंगी व्यक्तीला धर्मग्रामातील सेवेतून कोणत्या कारणाने दूर करता येणार नाही, तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला कोणती अडवणूक होणार नाही, तिच्या जोडीदाराला अंत्यविधीत कोठे उभे राहता येईल, आणि राज्याने दिवाणी मान्यता दिल्यास ख्रिस्तसभा न्यायालयात विरोध करील की नाही. यांपैकी एकाही मुद्द्यासाठी रोमची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.

९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाबाबतच्या पुनर्विलोकन याचिका फेटाळल्या. त्यानंतर सोळा दिवसांनी, २५ जानेवारी रोजी, कार्डिनल ग्रेशियस यांचा राजीनामा स्वीकारला गेला आणि जॉन रॉड्रिग्ज मुंबईचे महागुरुस्वामी झाले. न्यायालयाच्या निर्णयामुळे हा विषय संसदेकडे आणि समलिंगी जोडप्यांच्या हक्कांचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये नेमलेल्या समितीकडे गेला आहे. उद्या अशा समितीने धार्मिक संस्थांचे म्हणणे मागवले, तर महाधर्मप्रांताच्या दप्तरातून कोणता कागद पाठवला जाईल, आणि तो लिहिण्यापूर्वी कामोठ्याच्या, ठाण्याच्या, वांद्र्याच्या धर्मग्रामांत तो कोणाला दाखवला जाईल?